झरणी आणि अक्षर

साहित्याचा विचार करताना आपण लेखकाचा, त्याच्या काळाचा व त्याच्या भाषेचा विचार करतो. परंतु ज्या साधनाने ते साहित्य प्रथम कागदावर उतरते त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. दसऱ्याला सरस्वतीपूजनात पाटीशेजारी लेखणी मांडली जाते, दिवाळीत वह्यांबरोबर तिला हळदकुंकू वाहिले जाते. वर्षाचे उरलेले दिवस मात्र ती सापडेनाशी झाली म्हणजेच तिची आठवण होते. प्रस्तुत लेखात ह्या दुर्लक्षित साधनाचा, विशेषतः फाउंटनपेनाचा, थोडा विचार करावयाचा आहे. ह्या पेनासाठी मराठीत 'झरणी' असा एक सुटसुटीत शब्द पुढे आला होता. बोलण्यात तो रुळला नाही; तरी शब्द अर्थवाही असल्याने येथे मी तोच वापरणार आहे.

ह्या विचारास निमित्त घडले ते एका मेळाव्याचे. नोव्हेंबर महिन्याचा पहिला शुक्रवार हा दिवस झरणीप्रेमी मंडळी २०१२ सालापासून आपला दिवस म्हणून पाळतात. प्रथा अमेरिकेतून आलेली. पण आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही ह्या छंदाची माणसे एकत्र जमतात. गेल्या नोव्हेंबरात देवासला एका स्नेह्यांच्या घरी असाच एक लहानसा मेळावा भरला. धारहून चौघे, इंदूरहून सहा-सात आणि देवासचे आम्ही, अशी वीस-एक मंडळी जमली होती. त्यांत निवृत्त शिक्षक होते, एक वकील होते, दोन डॉक्टर होते आणि शाळा-महाविद्यालयांत शिकणारी चार-पाच मुलेही होती. मला बोलावणे आले ते केवळ मुख्याध्यापक म्हणून, आणि खरे सांगावयाचे तर 'ही हौशी लोकांची करमणूक' एवढीच माझी कल्पना होती.

अशा मेळाव्यात काय चालते हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. लांब सतरंजीवर प्रत्येकाने आपापल्या लेखण्या मांडलेल्या असतात. एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराच्या, चरकावर कातलेल्या जाड लेखण्या असतात. आजोबांच्या पार्कर असतात. आपल्यापैकी अनेकांनी परीक्षा ज्यांनी दिल्या त्या चिनी बनावटीच्या 'हीरो' असतात. शेजारी शाईच्या बाटल्या, कोरे कागद व टीपकागद. एकाने दुसऱ्याची लेखणी हाती घेऊन चार ओळी लिहून पाहावयाच्या, निब कशी चालते ते सांगावयाचे, बिघडलेली लेखणी जाणकाराकडून उघडून घ्यावयाची, आणि शाईच्या छटांवर वाद घालावयाचा, असा एकंदर क्रम असतो. लेखणी उसनी देताना मात्र पुष्कळांचा हात किंचित अडखळतो. कारण वापरता वापरता निबेचे टोक मालकाच्या लिहिण्याच्या ढबीप्रमाणे झिजलेले असते, आणि परक्या हाताचा जास्त दाब पडल्यास ते फाकण्याची भीती असते.

आता ही झरणी चालते कशी ते पाहू. कारण वर्गात मुलांनी हा प्रश्न विचारला तर आपल्यापैकी बहुतेकांस उत्तर देता येणार नाही. सामान्य समजूत अशी असते की, पेनातील शाई स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. तसे असते तर खिशात उलटी-सुलटी होणारी प्रत्येक लेखणी सदरा भिजवून राहिली असती. खरे कारण केशाकर्षण हे होय. दिव्याची वात तेल वर ओढते, टीपकागद शाई शोषतो, त्याच नियमाने अतिशय अरुंद फटीत द्रव आपणहून पुढे सरकतो व तेथेच धरूनही ठेवला जातो. निबेला मधोमध पाडलेली चीर अशीच अरुंद असते आणि टोकाकडे ती अधिकच निमुळती होत जाते; त्यामुळे शाई टोकापर्यंत येऊन थांबते. टोक कागदाला लागले की कागदाचे तंतू तिला ओढून घेतात.

परंतु एवढ्याने भागत नाही. तोंड बंद असलेल्या नळीतून शाई बाहेर यावयाची तर तितकीच हवा आत गेली पाहिजे. नाही तर थोड्याच वेळात प्रवाह थांबतो. आणि हवा एकदम गेली तर शाईचा थेंबच पडतो. हा तोल साधणे हीच जुन्या कारागिरांची अडचण होती. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन ह्यांनी १८८४ साली ज्या रचनेचे एकस्व मिळविले, तिच्यात निबेखालच्या पट्टीत बारीक खाचा ठेवून शाई उतरण्याची व हवा चढण्याची सोय एकत्र केलेली होती. एका महत्त्वाच्या करारावर डाग पडल्यामुळे त्यांना ही कल्पना सुचली अशी जी गोष्ट सांगतात ती दंतकथाच समजावी. आजही प्रत्येक झरणीत निबेखाली अशी पट्टी असते; तिच्या अंगावरील कंगव्यासारखे दाते जादा उतरलेली शाई थोपवून धरतात. शाई संपत आली की जुनी पेने ठिबकत, त्याचेही कारण ह्यातच आहे. नळीत हवा जास्त झालेली असते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि उरलीसुरली शाई बाहेर ढकलते. तेव्हा लहानपणी आपण ज्या पेनाला 'गळके' म्हणून दूषण देत होतो त्याला केवळ वेळेवर शाई हवी होती.

शाईचेही तसेच आहे. दौतीतील शाई काजळी व डिंक घोटून केलेली असे. ती दाट, काळीभोर व शतकानुशतके टिकणारी. पण झरणीत घातली तर डिंक वाळून सर्व खाचा बुजतात. माजूफळ किंवा हिरडा आणि हिराकस ह्यांपासून केलेली दुसरी शाई लिहिताना फिकी दिसते व हवेने काळी पडते. ती आम्लधर्मी असल्याने पोलादी निबेला खाते. म्हणून झरणीसाठी पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या रंगांची पातळ शाई करावी लागली. शाई आठवडेच्या आठवडे न वापरता राहिली की पाणी उडून जाते व रंग खाचांत साचतो. उपाय सोपा आहे: साधे गार पाणी, थोडा धीर, आणि पुन्हा रोज लिहिणे. झरणी ठेवून टिकत नाही. ती लिहून टिकते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचाच विस्तार करावयाचा आहे.

झरणीपूर्वी आपल्याकडे बोरू होता. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असे, व त्या छाटण्यावरच अक्षराचे सौंदर्य अवलंबून असे. रोमन अक्षरांत ज्या तिरक्या दिशेला रेघ जाड येते, नेमकी तिच्या उलट दिशेला देवनागरीत ती जाड येते. म्हणून देवनागरीसाठी बोरूचा काप निराळा असे. झरणी ही रोमन लिपीच्या देशांत जन्मली. तिची सर्वसाधारण निब गोल टोकाची असल्याने जाड-बारीक असा भेदच ती दाखवीत नाही, आणि बाजारात मिळणारी रुंद तिरपी निब बहुधा रोमन वळणासाठी घासलेली असते. त्यामुळे देवनागरी सुलेखन करणाऱ्यास आपली निब आपणच घासून घ्यावी लागते किंवा बोरूकडे परत जावे लागते. मेळाव्यात धारच्या एका गृहस्थांनी अशी घासलेली निब आणली होती. तिने लिहिलेला 'क' पाहून, गेली तीस वर्षे मी फळ्यावर काढीत आलेला 'क' मला फार पोरका वाटला.

मोडीचा प्रश्न आणखी वेगळा. माळव्यातील मराठी संस्थानांचा कारभार दीर्घकाळ मोडी लिपीत चालला. मोडीत शिरोरेषा आधी पानभर ओढून घेतात आणि तिच्याखाली हात शक्य तितका कमी उचलून अक्षरे जोडीत जातात. म्हणजे न थांबता लिहिण्यासाठी घडलेली ही लिपी, आणि तिच्या वाट्याला आला तो थोड्या थोड्या वेळाने दौतीत बुडवावा लागणारा बोरू! न बुडवता पानेच्या पाने लिहिणारी झरणी जेव्हा आपल्याकडे आली, तोवर मोडीचे दिवस भरत आले होते. १९१७ साली मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी स्वीकारण्याचे ठरविले. पुढे शाळांतूनही मोडी गेली. जिला ही लेखणी सर्वांत शोभली असती त्या लिपीची व तिची अशी चुकामूक झाली.

झरणी परदेशी होती, तशीच ती प्रारंभी महागही होती. स्वदेशीच्या चळवळीत तिच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. आंध्रातील राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम ह्यांनी गांधीजींच्या प्रेरणेने १९३२ च्या सुमारास झरण्या बनविण्यास आरंभ केला. पहिल्या लेखणीत काही भाग परदेशी असल्याने गांधीजींचे समाधान झाले नाही असे सांगतात. पुढे ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा ह्यांच्यामार्फत सर्वस्वी स्वदेशी लेखणी वर्ध्यास पोचली, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी स्वहस्ते पत्र लिहून तिची पसंती कळविली. मराठी माणसांचा वाटा शाईत आहे. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू ह्यांनी मुंबईस गिरगावात शाईच्या पुड्या व वड्या करण्याचा उद्योग सुरू केला. प्रथम घोडा छापाने निघालेली ही शाई पुढे उंट छापाने घरोघर गेली, आणि त्यातूनच 'कॅमलिन' हे नाव रूढ झाले. २०११ साली ह्या कंपनीतील मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला. स्वातंत्र्यानंतर परदेशी लेखण्यांच्या आयातीवर बंधने आल्यामुळे देशी लेखण्यांस बाजार मिळाला आणि झरणी मध्यमवर्गीय घरांत स्थिरावली.

तिला मागे सारले ते बॉलपेनाने. हंगेरीचे पत्रकार लास्लो बिरो ह्यांनी १९३८ साली त्याचे एकस्व मिळविले. घट्ट शाई, टोकाशी फिरणारी गोळी, ना गळणे ना भरणे. माझ्या लहानपणी, सत्तर-ऐंशीच्या दशकात, बॉलपेनाने अक्षर बिघडते म्हणून आमचे गुरुजी ते वर्गात वापरू देत नसत. पाचवीत आल्यावर हाती झरणी मिळे, आणि तो एक प्रकारचा व्रतबंधच असे. मी शिक्षक झालो तेव्हा चित्र उलटे झाले होते. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर गणवेशावर डाग पडतात, बाके खराब होतात, अशा तक्रारी आल्या आणि मीच माझ्या शाळेत शाईच्या पेनांस बंदी केली. तो निर्णय सोयीचा होता. त्याहून अधिक त्याचे समर्थन मला आज करता येत नाही.

येथे धार आणि देवास ह्या गावांचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण अक्षराशी ह्या दोन्ही गावांचा संबंध मोठा जुना आहे. धारच्या भोजशाळा–कमाल मौला परिसरात सर्पाच्या वेटोळ्यांच्या आकृतीत वर्णमाला व व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले शिलालेख आहेत. दगडावर कोरलेला हा जणू पाठच आहे. १९०३ साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले ह्यांनी त्याच परिसरात मदनकवीच्या 'पारिजातमंजरी' नाटिकेचा शिलालेख उजेडात आणला. तिच्या चार अंकांपैकी दोन त्या शिळेवर आज उपलब्ध आहेत. दगडावर लिहिले गेले म्हणूनच ते उरले. देवासचे उदाहरण कागदाचे आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार ह्यांचे खाजगी चिटणीस म्हणून येथे राहिले, आणि येथून घरी धाडलेल्या पत्रांच्या आधारे त्यांचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली तयार झाले. देवासच्या टेकडीचे नाव जगभर गेले ते हाताने लिहिलेल्या साध्या पत्रांतून. आणखी एक योगायोग पाहा. १९७४ साली देवासला नोटांचे सरकारी मुद्रणालय सुरू झाले. त्याच्या जोडीला नोटांसाठी लागणारी खास शाई तयार करणारा कारखानाही येथेच आहे. नोटेच्या पाठीमागे जी पंधरा भाषांची पट्टी असते तिच्यात मराठीही असते. म्हणजे देवासची शाई रोज मराठी लिहीत आहे. प्रश्न आहे तो देवासच्या घरांचा.

तो प्रश्न त्या मेळाव्यात माझ्यापुढे ज्या रीतीने आला ते आता सांगतो. नववीत शिकणारा एक मुलगा आपल्या आजोबांचे पेन घेऊन आला होता. आजोबा वारल्यापासून, म्हणजे त्याच्या जन्माच्याही आधीपासून, ते कपाटात पडून होते. आतील शाई वाळून दगड झाली होती. जाणकारांनी निब व पट्टी अलगद काढली, पाण्यात ठेवली, तीन-चार वेळा पाणी बदलले. प्रत्येक वेळी पाण्यात निळी वलये उठत राहिली. तास-दोन तासांनी पेन जोडून त्यात नवी शाई भरली, आणि मुलाला लिहून पाहावयास सांगितले. त्याने इंग्रजीत आपले नाव लिहिले, मग हिंदीत लिहिले. पेन सुरेख चालत होते. पेनाच्या डबीत आजोबांच्या हातचे एक जुने पत्र घडी घालून ठेवलेले होते. मी म्हणालो, "बाळ, आजोबांच्या पत्रातली पहिली ओळ लिही बरे." पत्र मराठीत होते, अक्षर स्वच्छ बाळबोध होते. मुलगा घरी मराठी बोलतो, त्यामुळे अर्थ त्याला समजला. परंतु 'माळवा' ह्या शब्दाशी तो थांबला. थोडा विचार करून त्याने 'मालवा' असे लिहिले आणि मग मान वर करून विचारले, "सर, हे मधले अक्षर कसे काढायचे?"

त्याची चूक नव्हती. हिंदी शाळेच्या वर्णमालेत 'ळ' शिकविला जात नाही. मराठी घरांत तो बोलला जातो, येथल्या माळवी बोलीतही तो आहे. म्हणजे ध्वनी मुलाच्या जिभेवर होता, पण अक्षर हातात नव्हते. ज्या भूमीवर तो जन्मला तिचे आजोबांनी लिहिलेले नाव नातवाला लिहिता येत नव्हते. मी त्याच्याशेजारी बसलो व दोन गाठी देऊन 'ळ' काढून दाखविला. त्याने पाच-सहा वेळा गिरविला. पहिले दोन फसले, तिसरा बरा आला. सतरंजीवरील महागड्या लेखण्या तशाच राहिल्या आणि सगळी मंडळी त्या 'ळ'भोवती गोळा झाली. त्याच आजोबांचे आणखी एक जुने कागदांचे पुडके घरी आहे, असे मुलगा म्हणाला. ते मोडीत असावे असे त्याच्या वर्णनावरून वाटले. ते वाचू शकेल असे त्या खोलीत कोणी नव्हते, मीही नव्हतो.

ह्यावरून झरणीने भाषा तरेल असा निष्कर्ष कोणी काढू नये. केवळ पेन बदलल्याने अक्षर सुधारत नाही. ते सुधारते सरावाने व शिक्षकाच्या नजरेने. झरणीला दाब लागत नाही, त्यामुळे बोटे आवळली जात नाहीत व लिहिण्याचा वेग आपोआप किंचित मंदावतो, एवढाच तिचा गुण मानावा. शिवाय ह्या छंदात एक धोका आहे. लेखण्या जमविणे व लिहिणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. शंभर लेखण्या पेटीत व एकही पत्र टपालात नाही, अशी स्थिती आली तर तो छंद केवळ संग्रहाचा राहतो. आपल्या साहित्यसंस्थांसही हा धोका नवा नाही. ग्रंथ कपाटात सुरक्षित आहेत म्हणजे भाषा सुरक्षित आहे, असे मानण्याची सवय आपल्यालाही आहेच.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींपुढे व संस्थेच्या सभासदांपुढे काही साध्या सूचना ठेवतो. माळव्यातील आपल्या मराठी मंडळांनी महिन्यातून एकदा दोन तासांची लेखनसभा भरवावी. तिला लेखणी कोणतीही चालेल, बोरू, टाक, झरणी अथवा बॉलपेन. अट एवढीच की प्रत्येकाने एक पान मराठीत लिहावे. लहानांनी मोठ्यांस पत्र लिहावे, मोठ्यांनी त्यास उत्तर द्यावे. घरोघरच्या जुन्या पत्रांपैकी एखादे पत्र दर वेळी वाचले जावे. मोडी जाणणारे जे थोडे लोक अजून आहेत त्यांना आदराने बोलावून चार तरुणांना ती लिपी शिकवावी. महाराष्ट्रात अच्युत पालव ह्यांच्यासारख्या सुलेखनकारांनी मोडीचे वळण नव्याने लोकांपुढे आणले आहे, ते उदाहरण आपल्यापुढे आहे. आणि बालवर्गातील मराठी मुलांस, शाळा कोणत्याही माध्यमाची असो, 'ळ' हे अक्षर घरी गिरवून घ्यावे. ह्या कामाला फार पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपण काढला पाहिजे.

माझ्यापुरते सांगावयाचे तर दुसऱ्याच आठवड्यात शाळेतील शाईच्या पेनांवरील बंदी मी उठविली. डाग पडतात ही तक्रार अजून येते, आणि ती खोटी नाही. दर शनिवारी शेवटच्या तासाला मराठी घरांतली अकरा मुले माझ्या खोलीत येऊन एक पान लिहितात. त्या नववीतल्या मुलाचे पेन आता वाळत नाही. गेल्या शनिवारी त्याने आपल्या धारच्या आत्याला पत्र लिहिले. त्यात 'माळवा' हा शब्द एकदा व 'शाळा' हा शब्द दोनदा आला होता, आणि तिन्ही ठिकाणी 'ळ' बिनचूक होता.